खालची टाकी

आमच्या घरात ‘संप’ हा शब्द आला तेव्हा पहिल्यांदा घोटाळाच झाला. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप पुकारला होता. १४ तारखेपासून आम्ही कारकून मंडळी कचेरीबाहेर मांडव टाकून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आठवीतली मुलगी म्हणाली, “पप्पा, संप मोठाच पाहिजे. लहान संपानं काही होत नाही.” आम्हांला वाटले, पोरगी जागृत झाली! शाबासकी द्यायला हात वर केला तोच तिने वही पुढे धरली. वहीत दोन पेट्या काढलेल्या होत्या. एक वर, एक खाली, मध्ये नळ्या. तिचा संप म्हणजे माशांच्या टाकीखाली ठेवायची दुसरी टाकी.

वाचक बंधू-भगिनींना हे काय खूळ, असे वाटेल. म्हणून थोडे मागचे सांगणे भाग आहे.

समुद्राशी आमचा संबंध ६ डिसेंबरचा. दादरला जायचे, चैत्यभूमीवर रांगेत उभे राहून अभिवादन करायचे, पुस्तकांची दुकाने पाहायची आणि परतीच्या गाडीपूर्वी घटकाभर वाळूत बसायचे. वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. २०१९ साली मुलगी नऊ वर्षांची होती. तिने ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे करून म्हणाली, “हे तर आजीच्या गावचं पाणी!” दुसऱ्या दिवशी आम्ही तिला चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. १९५१ साली सुरू झालेले आणि २०१५ मध्ये नवे रूप घेतलेले ते मत्स्यालय पुढे लोकांसाठी बंद झाले, म्हणजे आम्ही वेळेवर पाहिले म्हणायचे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांसमोरून पोरीला हलवता हलवेना. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच, खाऱ्या पाण्याचे मासे घरी पाळायचे.

अंजनगाव सुर्जीपासून समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! पण आजीच्या गावचे पाणी ही गोष्ट खोटी नव्हती. आमच्या आईचे माहेर दर्यापूर तालुक्यातले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याचा, पानमळ्यांचा आणि पानपिंपळीचा. दक्षिणेकडे उतरत गेले की विहिरीचे पाणी खारे होत जाते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शहानूर धरणाचे पाणी नळाने येण्यापूर्वी गोड्या पाण्याच्या एका गुंडासाठी बायकांनी किती पायपीट केली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेली माणसे आमच्या नात्यातही आहेत.

त्यामुळे आमच्या आईला हा बेत कळला तेव्हा ती जे बोलली ते आम्हांला खाली मान घालून ऐकावे लागले. “अवघा जलम म्या खाऱ्या पान्याच्या नावानं बोटं मोडली. अन् तू आता पैशे देऊन मीठ आनतं अन् गोडं पानी खारं करतं? येडा झाला का तू?”

याला उत्तर नव्हते. नातीने मात्र काढले. ती म्हणाली, “मग आजी, तुझ्या गावचंच पाणी आणू. मीठ विकत आणायचं कामच नाही.” बीकॉम झालेल्या माणसालाही हा हिशोब पटला. पुढच्या रविवारी मामाच्या शेतातल्या विहिरीचे एक कॅन पाणी घरी आले. दूधवाला दूध तपासायला तरंगती नळी टाकतो तशीच खाऱ्या पाण्यासाठी मिळते, तिला हायड्रोमीटर म्हणतात. समुद्राच्या पाण्यात ती १.०२५ च्या आसपास उभी राहते. आमच्या विहिरीच्या पाण्यात ती १.००० च्या जेमतेम वर थांबली. आई पाहतच राहिली. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ज्या पाण्याने पिके जळाली आणि माणसे खंगली, ते त्या मानाने फार सौम्य निघाले! “मंग समिंदरात मासे जगते तरी कसे?” असे तिने विचारले आणि त्या दिवसापासून ती या प्रकरणात आमच्या बाजूची झाली.

खारटपणा कमी एवढीच अडचण नव्हती. समुद्रात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे प्रमाण ठरलेले असते. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बहुधा कमी पडते. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. तिथे अशाच भूजलात कोळंबी वाढवून दाखवली आहे, पण पाण्यात पोटॅश घालूनच. आपण शेतात टाकतो तेच पोटॅश. खारपाणपट्ट्यातल्या तरुणांनी हा विषय जरूर अभ्यासावा. घरच्या टाकीसाठी मात्र तयार सागरी क्षार आणणे बरे. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही.

आता संपाबद्दल. आमची वरची टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. खालची ६० लांब, ३० रुंद, ३५ उंच. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा. पाणी त्याच्या कडेवरून आत पडते आणि तळाच्या छिद्रातून एक इंची पाइपने खालच्या टाकीत उतरते. खालच्या टाकीत काचेच्या आडव्या पट्ट्या लावून तीन खण केलेले. पहिल्यात कापडी पिशवी, तिच्यात घाण अडकते. तिथेच फेस काढणारे यंत्र, ते पाण्यातला चिकट मळ फेसाबरोबर वर आणून वाटीत टाकते. दुसऱ्या खणात सिरॅमिकच्या सच्छिद्र नळ्या, त्यांच्या अंगावर उपयोगी जिवाणू वस्तीला राहतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. हे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. तिसऱ्या खणात पंप. कूलरच्या टाकीत बुडवतो तसलाच, फक्त खाऱ्या पाण्याला टिकणारा. तो पाणी पुन्हा वर फेकतो. डब्यावर ताशी १५०० लिटर लिहिलेले असले तरी चार फूट वर चढवायचे म्हटले की त्यातले बरेच कमी होते, हे लक्षात ठेवून पंप घ्यावा.

एवढी यातायात कशाला, एकच टाकी का नको? एकच टाकी चालते. पण पाणी जितके जास्त तितक्या सावकाश ते बिघडते, आणि नवशिक्याला चूक दुरुस्त करायला तेवढाच वेळ मिळतो. शिवाय वरची टाकी स्वच्छ दिसते, सगळे यंत्र खाली दडते. आणि मे महिन्यात आपल्याकडे जे पाणी उडते ते खालीच, पंपाच्या खणात, कमी झालेले दिसते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी खपली धरते ना, तीच गोष्ट. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधे गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे.

संपाच्या सात दिवसांत आमचा संप उभा राहिला. २० मार्चला कर्मचाऱ्यांचा संप मागे घेतला गेला त्या रात्री आम्ही शेवटची पट्टी सिलिकॉनने चिकटवत होतो. काचवाल्याने काच कापून दिली, वेल्डिंगवाल्याने लोखंडी घोडा करून दिला. दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे १७५ लिटर पाणी. काच, वाळू आणि घोडा धरून दोन क्विंटलच्या वर वजन. कापसाचे दोन क्विंटल पसरून तरी ठेवता येतात, हे चार पायांवर उभे राहणार. म्हणून घोडा भिंतीलगत, पक्क्या फरशीवर ठेवला. क्षार लागले सहा किलोच्या थोडे वर. पाणी वीस लिटरच्या जारचे, शुद्ध केलेले. नंतर दीड महिना टाकी माशांशिवाय चालवली. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचे, म्हणजे जिवाणूंची वस्ती होते. शेजारचे विचारत, “भाऊ, मासे कुठं आहेत?” मुलगी सांगे, “अजून घर तयार व्हायचं आहे.”

मे महिन्याच्या सुरुवातीला ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून दोन विदूषक मासे एस.टी.ने घरी आले. समुद्रातून पकडलेले नव्हेत, हॅचरीत जन्मलेले. केरळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीलाही ते काम झाले आहे. दुकानदार सोबत प्रवाळाचा एक तुकडा देत होता. तो घेतला नाही. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कायद्याची पुस्तके लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाने घरी चोरीचा माल ठेवावा हे बरे नव्हे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. चूक पुढे आमच्या हातून झाली.

पंपाची वरची नळी पाण्याच्या वर उघडी होती. त्यातून पाणी खळखळत पडे. आईचा पलंग त्याच खोलीत. ती दोन-तीन दिवस म्हणाली, “रातभर नळ चालू राह्यल्यावानी वाटते, झोपच येत नाही.” जिने नळाच्या पाण्यासाठी आयुष्यभर रात्री कान उघडे ठेवले, तिला त्या आवाजात झोप कशी येणार? एका संध्याकाळी आम्ही नळीला एल्बो लावला आणि तोंड पाण्याखाली दहा सेंटिमीटर बुडवले. आवाज बंद. आई खूश. आम्ही स्वतःवर खूश.

त्याच रात्री वादळ झाले आणि लाइन गेली.

दीडच्या सुमारास आईने पलंगावरून पाय खाली ठेवला तो पाण्यात. तिने अंधारातच हाक दिली, “नळ आला व, उठा! नळ आला!” मुलांची आई झोपेतच उठली आणि गुंड घेऊन न्हाणीकडे धावली. मुलगा बकेट घेऊन मागे. मोरीतला नळ कोरडा! आई खोलीतच उभी होती. तिने वाकून बोट बुडवले, जिभेला लावले. “अरे, हे तं खारं हाय,” ती म्हणाली.

पंप बंद पडल्यावर वरचे पाणी उलट्या दिशेने त्याच नळीतून खाली येत राहते, नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत. तोंड पाण्याच्या वर होते तेव्हा जेमतेम एक सेंटिमीटर पाणी उतरत असे. आम्ही ते दहा सेंटिमीटर खाली नेले. आता हिशोब पाहा. ९० गुणिले ४०, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरले की ३.६ लिटर. दहा सेंटिमीटरला ३६ लिटर. खालच्या टाकीत रिकामी जागा १८ लिटर. उरलेले १८ लिटर जमिनीवर. चौथीच्या मुलाचे गणित. कचेरीत दुसऱ्याच्या बेरजा तपासण्यात ज्याची वीस वर्षे गेली त्याने ते केले नाही.

आम्ही त्या पाण्यात अनवाणी उभे राहून विजेच्या बोर्डाकडे हात नेला होता. मुलांच्या आईने मागून ओढले. लाइन कोणत्या क्षणी परत येईल सांगता येत नव्हते, आणि खारे पाणी विजेला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वाट देते. कोरड्या दारातला मेन स्विच आधी बंद केला, मग बाकीचे.

पण खरे नुकसान पुढेच होते. टाकीच्या घोड्याला लागून खालच्या फळीवर आमच्या फायली असतात. वस्तीतल्या मुला-मुलींचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही भरून देतो. बारावीचा निकाल नुकताच लागलेला, अकरा जणांच्या फायली होत्या. पुठ्ठ्याने पाणी शोषून घेतले होते. सकाळपर्यंत आम्ही सगळे टॉर्चच्या उजेडात कागद सोडवत आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालत होतो. मुलगी मधून मधून टाकीतले पाणी मगाने उचलून वरून सोडत होती, माशांना हवा मिळावी म्हणून. बहुतेक झेरॉक्स होत्या. एक शाळा सोडल्याचा दाखला मूळ होता. त्यावरचा शिक्का आणि सही पसरून निळा डाग झाला होता.

तो दाखला ज्या मुलीचा, तिचे वडील जिनिंगमध्ये हमाली करतात. सकाळी त्यांच्या घरी गेलो. “माझ्या हौसेपायी तुमच्या मुलीचा कागद खराब झाला,” असे सांगताना जीभ जड झाली. गृहस्थ काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, “काका, नर्सिंगचा फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत.” दुय्यम प्रत मिळवायला दोन खेपा, एक प्रतिज्ञापत्र आणि आमची एक किरकोळ रजा लागली. प्रत वेळेत मिळाली. आमच्यापाशी कागद ठेवताना तिने विश्वास ठेवला होता, त्याची दुय्यम प्रत कोणत्या कचेरीत मिळते ते आम्हांला माहीत नाही. फायली आता आमच्या घरात जमिनीपासून चार फुटांवर, पत्र्याच्या पेटीत असतात.

त्या सकाळी आणखी एक घोळ केला. टाकी भरायची म्हणून घाईने जारचे साधे पाणी ओतले. हायड्रोमीटर १.०२५ वरून १.०२२ च्या आसपास आला. मुलगीच म्हणाली, “पप्पा, हे पाणी उडालं नव्हतं, सांडलं होतं. त्याच्याबरोबर मीठ पण गेलं.” उडालेल्याला गोडे, सांडलेल्याला खारे. ज्या खात्यातून रक्कम गेली त्याच खात्यात जमा धरायची, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो! दोन दिवसांत थोडे थोडे करून क्षार पूर्ववत केले. मासे वाचले.

नंतर केलेली दुरुस्ती कोणालाही जमेल अशी आहे. वरच्या नळीचे तोंड दोन सेंटिमीटरपेक्षा खाली ठेवू नये, आणि पाण्याच्या पातळीला लागून नळीला एक बारीक भोक पाडावे. पाणी थोडे उतरले की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. ते भोक शेवाळाने बुजते, दर रविवारी काडीने मोकळे करावे. पाणी उलटे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बाजारात मिळतो, पण खपली धरली की तो अडकतो. त्याच्या भरवशावर झोपू नये. मग पंप बंद करून वरचे पाणी उतरू द्यावे आणि खालची टाकी काठाच्या दोन बोटे खालपर्यंत भरावी. पंप चालू करावा. आता खाली पाणी जिथे स्थिर होईल तिथे रेघ मारावी. पंप चालू असताना त्या रेघेच्या वर कधीही पाणी घालायचे नाही. आमची रेघ मुलीने आईच्या लाल नेलपॉलिशने मारली आहे. नळीचा एक सांधा जरी बदलला तरी पंप बंद करून पुन्हा पाहावे. विजेची वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब बोर्डात न जाता खाली पडतो. आणि लाइन गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप घ्यावा. आमच्या भागात ती चैन नव्हे.

या सगळ्यात एका जुन्या सहकाऱ्याने विहारात चारचौघांत विचारले, “लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही मासे पोसता?” प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचा हिशोब मांडून दाखवला. पंधरा दिवसांनी एक जार पाणी बदलतो, आणि उन्हाळ्यात पंख्याने पाणी थंड ठेवताना रोज दोन-तीन लिटर उडते. कूलर एका दुपारी त्याहून कितीतरी जास्त पितो. काढलेले खारे पाणी झाडांना चालत नाही, ते नालीत जाते. एवढे नुकसान आहे आणि ते आम्ही कबूल करतो. पावसाळ्यात पहिले दोन पाऊस सोडून स्लॅबचे पाणी साठवतो, तेवढे जार वाचतात. तरीही ते म्हणाले, “हे आपल्या लोकांचं काम नाही.” यावर मात्र आम्ही गप्प बसलो नाही. आमच्या मुलांनी शिकायचे ते फक्त नोकरीच्या परीक्षेपुरते काय? जी मुलगी अमोनिया मोजते, क्षार तोलते आणि बापाची चूक बापाला दाखवते, तिचे हे शिक्षण कोणत्या खात्यात धरायचे? सहकारी हसले आणि पुढच्या रविवारी नातवाला घेऊन आले. नातू वरच्या माशांकडे पाच मिनिटे पाहून खालच्या टाकीसमोर मांडी घालून बसला, तो चहा होईपर्यंत उठला नाही.

कापडी पिशवी धुण्याचे काम आमच्याकडे आहे. तीन दिवसांनी धुवावी लागते, नाहीतर जी घाण अडवली तीच पाण्यात विरघळते. गाडगेबाबांचे शेंडगाव आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे या कामाची लाज वाटत नाही.

नळीचा आवाज आता पुन्हा थोडा येतो. आई म्हणते, “येऊ दे.” रात्री तो थांबला की तिला जाग येते. लाइन गेल्याचे घरात सर्वांत आधी तिलाच कळते. ती पलंगावरूनच नातीला हाक देते, “ऊठ व बाई, रेघ पाय!” मुलगी टॉर्च घेऊन खाली वाकते, पाणी चढताना पाहते आणि काठाच्या दोन बोटे खाली थांबले की सांगते, “थांबलं आजी, झोप.”